करंड्याचं झाकण

सीब, ओमान
१४ जानेवारी २०२५

साखर कारखान्याच्या सम्राज्ञी श्यामलाबाईंस,

तुझ्या शाळेची सहाही मुलं सुखरूप पोचली. सामान सात डागांचं होतं, पोचलं सहांचं. सातवा डाग बहुधा अजून नैरोबीतच नेतृत्वाचे धडे घेतो आहे.

फोन का केला नाही, असं विचारू नकोस. फोनवर तू हळवी होतेस, मग मी विनोद करते, आणि तीस वर्षांत त्यातून काही निष्पन्न झालेलं नाही. लिहिताना निदान तू वाक्य पूर्ण करतेस. तेव्हा हे शिबिर संपेपर्यंत ई-मेलने का होईना, पत्रच.

आता कामाचं. ज्यांच्या न्यासाने ही मुलं बोलावली, ते मजीद साहेब भले गृहस्थ आहेत. त्यांची आजी झांजिबारहून परत आलेली, घरात अजून स्वाहिली बोलतात. आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांतून प्रामाणिक पुढारी घडावेत अशी त्यांची मनापासून इच्छा आहे, आणि ते पाच आठवड्यांत घडवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. बाई संस्कृत शिकवते म्हणजे नीती तिच्याकडे आपोआप असणार, असा त्यांचा समज. पंचवीस वर्षं मी घुब्र्याच्या शाळेत पोरांकडून धातुरूपं पाठ करून घेते आहे. त्यापायी कुणी नीतिमान झाल्याचं ऐकिवात नाही. पण हे त्यांना सांगितलं तर काम जायचं. शिवाय गुलबानू नावाची बाई संस्कृत शिकवते म्हटल्यावर पालक आधी वेळापत्रक पुन्हा बघतात आणि मग मला. मजीद साहेबांनी थेट मलाच बघितलं, याचं मला कौतुक आहे.

मुलं अल खौदला विद्यापीठाजवळच्या अतिथिगृहात उतरली आहेत. पाच आठवड्यांनी त्यांच्यातल्या एकाला दोन वर्षं इथे राहून अकरावी-बारावी करता येणार. नाव मजीद साहेब ठरवणार, अहवाल मी लिहिणार. म्हणून विचारते: सहाही दाखल्यांत 'वर्तन आदर्श' असं तू लिहिलं आहेस. सहाच्या सहा? अगं, कॉलेजात संस्कृतला आपण चौघी होतो, त्यात आदर्श एकच होती, आणि ती काही तू-मी नव्हतो.

वफुला म्हणजे तुमचा हेड बॉय ना? उंची सहा फूट, इंग्रजी सात फूट. आणि ती नेकेसा! सुगीत जन्मली म्हणून नेकेसा, एवढं तिने पहिल्या दिवशी सांगितलं. त्यानंतर काही सांगण्यासारखं तिला सुचलेलं दिसत नाही. गळ्यात काळा दोरा, टोकाला काहीतरी जड, सदऱ्याच्या आत. ताईत असणार. आजीने मला असे तीन बांधले होते, त्यामुळे मी भोचकपणा केला नाही.

खरं खरं लिही.

तुझी
बानू


पश्चिम केनिया
१८ जानेवारी २०२५

प्रिय बानू,

पत्र वाचून हसले आणि थोडी चिडलेही. आदर्श म्हणजे आदर्शच. शंभर मुलांतून निवडलीत मी ही सहा. आमच्या लीडरशिप क्लबचं काम तू बघितलं नाहीस. तीन वर्षांपूर्वी इथे वर्गांत नुसता बाजार भरायचा. आता शिक्षक नसले तरी शिस्त असते, कारण प्रत्येक वर्गात आमच्या क्लबची मुलं आहेत. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, लीडर म्हणजे शाळेचे डोळे आणि कान. वफुला तर रत्न आहे. मागच्या टर्ममध्ये नियम मोडणाऱ्यांची सगळ्यात जास्त नावं त्याने आणून दिली, आणि एकही खोटं निघालं नाही. सीट त्यालाच मिळावी असं मला वाटतं. अर्थात अहवाल तुझा.

नेकेसा हुशार आहे. गणितात तिच्या जवळपास कुणी नाही. आई ऊसतोडीला जाते. तिच्याकडे जरा लक्ष असू दे, एवढंच म्हणेन.

राजीव बरे आहेत, गाळप जोरात चालू आहे, घरभर मळीचा वास. शाळेत शिस्तीसाठी वापरायची एक वस्तू मुलं निघाली त्या दिवसापासून सापडत नाही, त्यामुळे मुख्याध्यापक सगळ्यांवर डाफरतायत. विशेष काही नाही.

तुझी
श्यामला


सीब
२५ जानेवारी, शनिवार

श्यामले,

काल जे घडलं ते नीट वाच आणि लगेच उत्तर दे. आज विनोदाला सुट्टी आहे. एखादा निसटला तर क्षमा.

काल मुलांना डोंगरातल्या एका गावी नेलं होतं, मजीद साहेबांच्या आजोळी. इथे डोंगराच्या पोटातून गावात पाण्याचा पाट आणतात, त्याला फलज म्हणतात. आपल्याकडच्या आगरातल्या पाटाचा तो पणजोबा. कुणाच्या बागेत किती वेळ पाणी जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ज्याची पाळी नसेल त्याच्या तोंडाशी चिंध्या गुंडाळलेला दगड बसवलेला असतो. त्या दगडाला गावात कुणी हात लावत नाही. दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसले, तरी एकमेकांच्या दगडाला हात लावत नाहीत.

बारा वाजता पाणीवाला फिरून गेला तेव्हा सगळे दगड जागेवर होते. साडेबाराला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची अर्ध्या तासाची पाळी संपली, आणि त्याच्या बागेत टिपूस आला नव्हता. वरच्या अंगाला कुणीतरी दगड काढून ठेवला होता आणि सगळं पाणी पडीक जमिनीत गेलं होतं. त्याने मागच्याच महिन्यात खजुराची नवी रोपं लावली आहेत. पुढची पाळी आठ दिवसांनी.

गावातलं बाहेरचं माणूस म्हणजे आपण. मजीद साहेबांनी सहाही जणांना चिंचेखाली उभं केलं आणि विचारलं, "कुणी केलं?" सगळ्यांची उत्तरं एकाच साच्यातली. दगड हलवला गेला असावा. दगड हलवला गेल्याचं ऐकलं. इतके कर्मणि प्रयोग मी परीक्षेतही एकगठ्ठा पाहिलेले नाहीत. मजीद साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्या आजोळी, त्यांच्या पाहुण्यांनी. शेवटी ते म्हणाले, "मला एक नाव हवं आहे. नाव मिळेपर्यंत इथून कुणी हलणार नाही."

नेकेसा एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, "मी."

श्यामले, ती अकरापासून एकपर्यंत माझ्याशेजारी बसून म्हाताऱ्याच्या सुनेबरोबर खजूर निवडत होती. उठलीसुद्धा नाही.

मी हे मजीद साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, म्हणजे एकतर तिने दगड हलवला, नाहीतर ती माझ्या तोंडावर खोटं बोलली. प्रामाणिकपणाच्या शिबिरात मी यातलं काय चालवून घेऊ?"  तिला गुरुवारच्या विमानाने परत पाठवायचं म्हणतायत. म्हणजे सीट तर गेलीच, वर शाळेच्या कागदावर कायमचा डाग. फक्त एक फट ठेवली आहे: तिच्या वर्तनाची शाळेतली सबंध नोंद त्यांनी मागितली आहे. ती स्वच्छ असेल तर पुन्हा विचार करू म्हणाले.

रात्री घरी सांगितलं तर शरीफ जेवता जेवता म्हणाला, "पोरीने केलान नाय, तर केलान असा सांगितलान कशाला?" बाजारात मासेमारीची जाळी विकणाऱ्या माझ्या नवऱ्याने एका वाक्यात गाठ दाखवली. ती सोडवायला मला तू हवी आहेस. नोंद पाठव. बुधवारच्या आत.

बानू


पश्चिम केनिया
२७ जानेवारी

बानू,

नोंद मागू नकोस. पाया पडते.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. नेकेसाची नोंद स्वच्छ नाही. मागच्या एका टर्ममध्ये तिला एकेचाळीस वेळा शिक्षा झाली आहे. सबंध शाळेत इतकी कुणालाच नाही.

गुन्हा एकच, दर वेळी तोच. इथे शाळेत फक्त इंग्रजीतच बोलायचं असा नियम आहे. बोर्डाचे सगळे पेपर इंग्रजीत, मुलं घरी बुकुसू बोलतात, मग नापास होतात. म्हणून इथे जुन्या काळापासून 'डिस्क' असते. सकाळी जो पहिला घरच्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती घालायची. त्याने दिवसभरात दुसऱ्या कुणाला तसं बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची. त्याने तिसऱ्याच्या. संध्याकाळी घंटा होताना ज्याच्या गळ्यात असेल, तो मैदानाचं गवत कापतो. मी सुरू केलेलं नाही हे, मी येण्याआधीपासून आहे. फक्त नोंद ठेवण्याचं काम आमच्या क्लबकडे आहे.

मी तिला दहा वेळा समजावलं. इतकी हुशार मुलगी, तिला एक साधा नियम पाळता येऊ नये? तरी पाठवलं, कारण तिचं गणित वाया जाऊ नये असं वाटलं. दाखल्यावर 'आदर्श' लिहिताना माझा हात थांबला होता, खोटं कशाला बोलू.

मजीद साहेबांना हे कळलं तर तिचं खलासच. आणि बानू, डिस्कबद्दलही त्यांना बोलू नकोस. त्यांच्या न्यासाच्या अर्जात विचारलं होतं, शाळेत भाषेवरून शिक्षा होते का. मुख्याध्यापकांनी 'नाही' लिहिलं, खाली माझी सही आहे. तूच काहीतरी सांभाळून घे. तुला बोलता येतं.

श्यामला


सीब
२८ जानेवारी

श्यामले,

आज दुपारी मी अल खौदला गेले होते. नेकेसा खोलीत एकटीच होती, बॅग भरत होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला सवय असावी. मी म्हटलं, "गळ्यातलं काय आहे ते मला दाखवशील?" तिने दोरा ओढून बाहेर काढला.

तुझ्या लग्नाला सावंतवाडीहून मी कुंकवाचा लाकडी करंडा आणला होता, आठवतो? लाखेचा, लाल, झाकणावर हिरवा पोपट. पोपटाची चोच रंगवताना कारागिराचा हात हलला होता आणि मी भांडून दुसरा मागितला होता, तर त्याच्याकडे दुसरा नव्हता. ती वाकडी चोच मी डोळे मिटूनही ओळखीन. मधोमध भोक पाडलं आहेस. पोपट गेला पार, चोच तेवढी उरली आहे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"डिस्क," ती म्हणाली. "मी चोरली. शाळेत सांगा हवं तर."

"इथे कशाला आणलीस?"

"मी पाच आठवडे तिथे नसणार. ही तिथे राहिली असती तर रोज कुणाच्या तरी गळ्यात गेली असती."

मग एकेचाळीसचा हिशोब मला तिने सांगितला, मी विचारलं म्हणून. सकाळी ती मुद्दाम मॉनिटरसमोर बुकुसूत बोलायची. डिस्क गळ्यात पडली की दिवसभर कुणालाही पकडायची नाही. "माझ्याकडे असली की कुणाकडेच नसते," म्हणाली. पहिलीतल्या पोरांना आई म्हणायलासुद्धा इंग्रजी शब्द शोधावा लागतो, आणि डिस्क पुढे सरकवायची म्हणून जो तो मित्राच्या तोंडाशी कान लावून बसतो, हे तिला बघवेना. ज्या मुलीला तू तीन वर्षांत दहा वेळा समजावलंस, तिला एकदा विचारलं असतंस तर?

मग मी दगडाचं विचारलं. "तू माझ्याजवळ होतीस. 'मी' का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी. म्हणाली, "सर नाव मागत होते. नाव मागतात तेव्हा कुणाचं तरी द्यावं लागतं. माझ्याकडे माझंच होतं."

तुझ्या क्लबात पुढारीपण शिकलेली ही एकच मुलगी मला सापडली आहे, आणि तीही तुझ्या शिकवणीविरुद्ध जाऊन शिकली. ती रोज दुसऱ्यांची शिक्षा गळ्यात घेत होती, आणि तू ती तिचा गुन्हा म्हणून वहीत चढवत होतीस. आणि ती शिक्षा मी दिलेल्या करंड्याच्या झाकणाची.

तूच मजीद साहेबांना लिही. नोंद पाठव, आणि नोंदीचा अर्थही. तुझ्या सहीसकट. मी लिहू शकते, पण मी लिहिलं तर ती मैत्रिणीवरची चहाडी होईल. आणि नावं आणून देण्याचा धंदा तुमच्याकडे आधीच भरपूर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते.

गुलबानू


सीब
२९ जानेवारी, बुधवार

संध्याकाळचे सात. तुझं उत्तर नाही. फोन बंद. तिकीट आलं आहे: उद्या रात्री साडेनऊचं. नेकेसाने जाण्याआधी अतिथिगृहाची खोली झाडून काढली. उद्या चारला मी मजीद साहेबांना भेटते आहे. काय सांगायचं ते मला ठाऊक नाही, पण गप्प बसणार नाही.

गु.


पश्चिम केनिया
३० जानेवारी, पहाटे

बानू,

फोन मीच बंद ठेवला होता. राजीवसमोर तुझं पत्र तीनदा वाचलं. ते म्हणाले, "यात उत्तर द्यायला आहे काय? मजीदना लिही." आणि कारखान्यात निघून गेले.

लिहिलं. आत्ताच पाठवलं. तुला प्रत पाठवत नाही, कारण तू त्यातलं इंग्रजी सुधारशील. मुद्दा एवढाच लिहिला: अर्जावरचं 'नाही' खोटं आहे आणि त्याखाली माझी सही आहे. नेकेसाच्या एकेचाळीस शिक्षांपैकी एकही तिच्या चुकीची नाही. त्या दुसऱ्यांच्या वाटणीच्या आहेत. आमच्या शाळेला यापुढे बोलवायचं की नाही ते आपण ठरवा, पण या मुलीला माझ्या चुकीपायी परत पाठवू नका. त्याचीच प्रत मुख्याध्यापकांना केली. माझी नोकरी राहते का बघू.

झाकणाचं सांगते. आधीची डिस्क गाईचं हाड होती. जुनी, पिवळी पडलेली. लहान पोरं ती गळ्यात घालताना रडायची. मला बघवेना. घरी करंडा होता, त्याचं झाकण प्रवासात सैल झालं होतं. मी म्हटलं, हाडापेक्षा हे छान, हलकं, रंगीत. भोक मीच पाडलं. मुख्याध्यापकांनी असेंब्लीत माझं कौतुक केलं. आणि बानू, मला खरंच वाटलं होतं की मी सुधारणा करते आहे.

श्यामला


सीब
७ फेब्रुवारी

प्रिय श्यामले,

तिकीट रद्द झालं, एवढं त्या दिवशी दोन शब्दांत कळवलंच. बाकीचं सवडीने सांगायचं होतं.

गुरुवारी चारला मी गेले तेव्हा मजीद साहेबांपुढे तुझं पत्र छापून ठेवलेलं होतं. त्यांनी मला खुर्ची दाखवली. मग म्हणाले, "नाव मिळेपर्यंत कुणी हलणार नाही, असं मी त्या मुलांना म्हणालो होतो ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "म्हणजे मीही गळ्यात घालायला माणूसच शोधत होतो." मग तिकीट फाडलं. ते फोनवरच होतं, छापलेला कागद फाडून उपयोग नव्हता. पण माणसाला कधीकधी काहीतरी फाडावंसं वाटतं.

तरी दगडाचा प्रश्न होताच. शुक्रवारी सगळ्यांना घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. मजीद साहेब म्हाताऱ्यापुढे हात जोडल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "कुणी केलं ते अजून कळलेलं नाही." म्हातारा आळं भरत होता. मान वर न करता म्हणाला, "नाव घेऊन मी काय करू? नावाने रोप जगतं का? मला माझं पाणी द्या."

इतका सरळ माणूस मला पंचवीस वर्षांच्या शिक्षकी पेशात भेटलेला नाही. मजीद साहेबांनी त्या दिवशीची आपल्या आईची पाळी त्याला देऊन टाकली. पण वरच्या अंगाला पाटात गाळ साचलेला, पाणी मंद येत होतं. अर्ध्या तासात शेवटच्या रोपापर्यंत पोचलं नसतं. साहेब म्हणाले, "यल्ला, उतरा." सहाही मुलं, मजीद साहेब पायघोळ पांढऱ्याशुभ्र दिशदाशासकट, आणि साडी खोचून मी. गाळ उपसताना माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते संस्कृत नव्हते.

तासभर झाला असेल. गुडघाभर पाण्यात वफुला एकदम थांबला आणि काहीतरी बोलला. घरच्या भाषेत. मला कळलं नाही, मजीद साहेबांनाही नाही. पण बाकीची पाचही जणं जागच्या जागी थिजली. मग त्याने तेच स्वाहिलीत सांगितलं, साहेबांकडे बघून. दगड त्याने काढला होता. पाणी कसं वळतं ते बघायचं होतं, परत बसवणार होता, तेवढ्यात कुणीतरी येताना दिसलं आणि तो पळाला. शंभर नावं आणून देणाऱ्या मुलाला स्वतःचं नाव सांगायला सात दिवस लागले. आणि तुझ्या त्या सात फुटी इंग्रजीत ते त्याला सांगता आलं नाही.

सगळ्यांची नजर नेकेसाच्या गळ्याकडे गेली. नियमाने डिस्क आता त्याची होती. तिने दोऱ्याला हात लावला नाही. फावडं उचललं आणि म्हणाली, "ती बाजू राहिली आहे." वफुला त्या बाजूला गेला.

पाणी शेवटच्या रोपापर्यंत पोचलं. म्हाताऱ्याने वफुलाला जवळ बोलावून दगड कसा बसवायचा ते दाखवलं, दोनदा. एवढीच शिक्षा.

नेकेसाला मी सोडलं नाही, बरं का. येताना गाडीत बजावलं: दुसऱ्याची शिक्षा उचललीस ते तुझं मोठेपण, पण दुसऱ्याचं खरं बोलणंही तू उचलून नेत होतीस, ते तुझं नव्हे. खिडकीबाहेर बघत ऐकलं तिने. सीबच्या वळणावर म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं." माझ्या पाच आठवड्यांच्या नीतीच्या तासांचं फलित हे एक वाक्य.

तुझ्या नोकरीचं काय झालं? त्याबद्दल तू काही लिहीत नाहीस, म्हणजे काहीतरी आहे.

तुझी
बानू


पश्चिम केनिया
१२ फेब्रुवारी

प्रिय बानू,

नोकरी आहे. क्लब काढून घेतला. मुख्याध्यापक सोमवारी असेंब्लीत म्हणाले, बाहेरच्यांच्या सांगण्यावरून शाळेची शिस्त बदलणार नाही. आणि नवी डिस्क दाखवली. प्लास्टिकची, पिवळी, डब्याचं बूच कापून केलेली. यावेळी माझा सल्ला घेतला नाही, हे एक बरं.

मी शिक्षकांच्या रांगेत उभी होते. काय झालं कुणास ठाऊक, मी पुढे गेले आणि मुलांसमोर मोठ्याने मराठीत म्हणाले, "ही माझ्या गळ्यात घाला." सगळे बघत राहिले. मग मला वाटलं, आणखी काहीतरी बोलायला हवं, म्हणून पावकीचा पाढा म्हणाले. दुसरं काही आठवेचना. पाच पावके सव्वा येईपर्यंत लहान पोरं हसायला लागली होती. मुख्याध्यापकांनी डिस्क हातात धरून ठेवली होती. मॉनिटरने, बिचाऱ्याने, नियमाप्रमाणे ती घेतली आणि माझ्या गळ्यात घातली. 

दिवसभर मी कुणाला पकडलं नाही. संध्याकाळी मैदानाचं गवत कापलं. लांब पात्याचा कोयता असतो, उभ्याने फिरवायचा. बावन्नाव्या वर्षी! दीड तास लागला आणि मैदानाचा एक कोपरासुद्धा झाला नाही. हाताला फोड आले आहेत, म्हणून हे पत्र राजीव टाइप करतायत आणि अधूनमधून खोकल्याचं नाटक करून डोळे पुसतायत (हे वाक्य ते टाइप करायला तयार नव्हते). काल पुन्हा मराठी बोलले. आज पुन्हा. डिस्क तीन दिवस माझ्याकडेच आहे. मुख्याध्यापक किती दिवस चालवून घेतील, माहीत नाही. मी एकेचाळीसपर्यंत मोजायचं ठरवलं आहे.

करंडा बिनझाकणाचाच आहे. रोज थोडं कुंकू सांडतं. सांडू दे.

नेकेसाला यातलं काही सांगू नकोस.

श्यामला


सीब
१४ फेब्रुवारी

प्रिय श्यामले,

सांगितलं. तुझं शेवटचं वाक्य माझ्यापर्यंत पोचण्याआधीच मी तिला पत्र वाचून दाखवायला बसले होते; राजीवरावांच्या टंकलेखनावर विसंबून शेवट आधी बघितला नाही, ही माझी चूक.

सीट तिला मिळाली. अहवालात मी 'वर्तन आदर्श' हे शब्द वापरले नाहीत. एकेचाळीस शिक्षांची तुझी नोंद तशीच जोडली आणि खाली तुझं पत्र. वफुलाबद्दलही चांगलं लिहिलं आहे, खरं तेवढं. उद्या सगळी परत निघतील. नेकेसा एप्रिलमध्ये येईल, आमच्याकडेच राहील. शरीफने आत्तापासून तिच्यासाठी टेबल शोधायला घेतलं आहे. तुमच्या शाळेला पुढच्या वर्षी बोलवायचं का, हे मजीद साहेब डिस्क बंद झाल्याचं स्वतः येऊन बघतील तेव्हा ठरवणार आहेत.

मी झाकण मागितलं, म्हटलं तुला पोस्टाने पाठवते. तिने दिलं नाही. "मी स्वतः मॅडमच्या हातात देईन," म्हणाली. "त्या कुठे ठेवतात ते मला बघायचं आहे." तेव्हा करंडा पुसून ठेव.

पाढ्याच्या जागी ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे दात पाहिले. मग गंभीर होऊन विचारलं, "मॅडमना किती वेळ लागला?"

"दीड तास," मी म्हटलं. "आणि एक कोपरासुद्धा झाला नाही."

तिने आपले तळवे उलटून पाहिले. तिथे आता फोड नाहीत, नुसते घट्टे आहेत.

"पहिल्या दिवशी मलाही तेवढाच लागला होता," ती म्हणाली. "त्यांना सांगा, संध्याकाळी नका कापू. सकाळी दव असताना कापा. गवत मऊ असतं."

तुझी
बानू